अण्णा उठले की

मीठ

"डोळे मीट, शमीम."

"मिटलेत की."

"आता तोंड उघड."

शमीमनं स्वतःचीच ओढणी डोळ्यांवर बांधून घेतली होती. समोर वच्छला बसली होती, हातात दहीभाताची वाटी आणि चमचा घेऊन. एक घास. लगेच दुसरा. तिसरा येईपर्यंत शमीमचे गाल फुगले, चौथ्याला ठसका लागला आणि शितं टेबलावर उडाली.

"वच्छे, जीव घेतीस का? गिळू तर दे."

"तू खोलीतल्या आजोबांना असंच भरवतीस. म्या तुझ्याकडूनच शिकले."

बाकीच्या मावश्या पदर तोंडाला लावून हसल्या. मी फळ्यावर लिहिलं : दोन घासांच्या मध्ये एक श्वास. आणि शमीमला म्हटलं, आता तू वच्छलाला भरव, पण सूड उगवू नकोस.

"हे काय चाललंय?" दारातून आवाज आला. "बाया बायांना भरवायलात?"

दारात एक बारीकशी म्हातारी उभी होती. कपाळावर गोंदण, तोंडात दात नाहीत, लुगड्याचा काठ अंगापेक्षा जड.

"शिकवणी आहे, आजी," मी म्हटलं.

"कशाची?"

"जेवायची."

ती थोडा वेळ फळा बघत राहिली. वाचता येत नव्हतं, तरी बघितला.

"ह्या वयात जेवायचं शिकवायलात. उद्या मरायचं बी शिकवा," असं म्हणून ती गेली.

"प्रयागबाई," शमीम ओढणीखालून म्हणाली. "मॅडम, तुम्ही हिच्यासाठीच आलाव."

लिंबू

ते खरं होतं, पण अर्धंच.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी अकोल्यात आहारतज्ज्ञ म्हणून नुकतीच काम करू लागले होते. हिंगोलीच्या बाहेर, रेल्वेलाइनीच्या कडेला एक वृद्धाश्रम होता, त्याच्या विश्वस्तांनी मला पंधरवड्यासाठी बोलावलं होतं. तिथल्या म्हाताऱ्यांची वजनं उतरत होती आणि कुणालाच कारण कळत नव्हतं. मावश्यांना शिकवा, असं ते म्हणाले. कसं भरवायचं, काय वाढायचं, कुणाकडे लक्ष ठेवायचं.

व्यवस्थापक मुळे यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बाई, आमच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत. बाकी काय शिकवायचं ते शिकवा."

नावं ठेवायला जागा नव्हतीच. मऊ भाकरी, घट्ट वरण, वर तुपाची धार. मी घरी असं जेवत नव्हते.

वजन सगळ्यांचंच उतरत होतं, पण प्रयागबाईचं जास्त. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या फेरीला आणखी घटलेलं दिसलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि नळी घातलेल्या माणसाला इथं ठेवून घेत नसत. मावश्यांना ते जमण्यातलं नव्हतं. म्हणजे पुतण्याला बोलावणं, आणि पुतण्या तिला ज्या दिवशी सोडून गेला होता त्या दिवसानंतर फिरकला नव्हता. एक बहीण होती, तीही दूर, वाशीमकडे.

मी वजन करायला नेलं तेव्हा प्रयागबाई काट्यावर चढली आणि एकदम ताठ उभी राहिली. काटा जरा वर गेला. मला कमरेशी काहीतरी फुगीर दिसलं. हात लावला तर अडकित्ता. लोखंडी, चांगला जड.

"आजी?"

"राहू द्या की," ती हळूच म्हणाली. "ते बी माझंच हाय."

"भूक लागत नाही का तुम्हाला?"

"लागती की. लई लागती."

"अन्न आवडत नाही?"

"गोड लागतंय."

"मग ताटात का राहतं?"

तिनं अडकित्ता परत कमरेला खोचला. "जेवण झालं की उठावं लागतंय, बाई. ताटावर बसून राहायचं असतंय का?"

मला वाटलं, मला नीट उत्तर मिळालं नाही.

कोशिंबीर

मग मी सगळं करून बघितलं. तिखट कमी केलं. भाकरी दुधात भिजवली. वरणात शेंगदाण्याचं कूट घातलं, मुगाच्या डाळीत गाजर किसून घातलं. पांढरा भात पांढऱ्या ताटात दिसत नाही म्हणून ताटं बदलली, तेव्हा मुळे म्हणाले, ताटं काय खायची आहेत का. मावश्यांना एकेका म्हाताऱ्याचं तोंड बघायला शिकवलं : कवळी सैल आहे का, जिभेवर पांढरं आहे का, पाणी पिताना ठसका लागतो का. शमीमला ते फार आवडलं. ती येता-जाता सगळ्यांना आ करायला लावू लागली. एकदा मुळ्यांनाही म्हणाली.

खोलीत पडून असणाऱ्यांचं जेवण सुधारलं. वच्छला आता दोन घासांच्या मध्ये खरंच श्वास घेत होती, स्वतःचा. पण जे हिंडतेफिरते होते, जे आपल्या पायांनी येऊन मोठ्या खोलीत टेबलाला बसत होते, त्यांची ताटं तशीच अर्धी परत येत होती. पडलेले खात होते आणि चालते उपाशी राहत होते. मी असं कुठं वाचलं नव्हतं.

भाजी

शेवटी मी त्यांच्या पंगतीला बसले. पंगत म्हणजे लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाक. टोकाला एकच खुर्ची, हातांची, उंच. तिच्यावर व्यंकटअण्णा. हे जुने स्टेशनमास्तर, मीटरगेजच्या काळातले. चालत्यांमध्ये सगळ्यात वडील. उंच, पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. माझ्यासमोर प्रयागबाई.

श्लोक झाला. अण्णांनी पहिला घास घेतला, मग सगळ्यांनी. भाजी शेपूची होती, मुगाची डाळ घातलेली. मी बघत होते. कोण कसं चावतं, कुणाचा हात थरथरतो. कुणाच्याही तोंडावर नको असल्याचा भाव नव्हता. प्रयागबाई भाकरीचा तुकडा वरणात बुडवायची, बोटांनी कुस्करायची, मग तोंडात घोळवायची. एक घास म्हणजे एक छोटं काम होतं. मग जेवण संपलं, सगळे हात धुवायला गेले, ताटं अर्धी. मला काहीच सापडलं नाही.

आता तेच जेवण पुन्हा वाढते.

श्लोक झाला. अण्णांनी पहिला घास घेतला. भाजी शेपूची होती, आणि मला शेपू आवडते. मी भाकरीचा चतकोर मोडला, भाजी घेतली, वर ठेचा लावला. हात तोंडाकडे निघाला होता. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मी घास ताटात ठेवला आणि उठले.

हात धुवायच्या नळाशी रांगेत उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मला भूक आहे. चांगली कडकडून. माझी अर्धी भाकरी ताटात आहे, आणि मला कुणीही ऊठ म्हटलेलं नाही.

माझ्यापुढे प्रयागबाई ओली बोटं पदराला पुसत होती. तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"झालं का जेवण, बाई?"

चटणी (राहिली होती, आता वाढते)

"शमीम, हे रोजचंच आहे?"

"काय?"

"अण्णा उठले की सगळे उठतात."

"मग? मोठं माणूस उठल्यावर बसून खायचं?"

"तुला माहीत होतं?"

"ह्याच्यात माहीत असायचं काय, मॅडम? आमच्या घरी बी अब्बा उठले की दस्तरखान उठायचा. भाऊ लई हुशार, अब्बांच्या आधी जेवून ठेवायचा."

"वच्छला, तुमच्याकडे?"

"आमच्याकडं सासरा उठायचाच न्हाई. तिथं उलटी आफत."

"अण्णा इतकं भराभर का जेवतात?"

"ते त्यांनाच इचारा. आम्ही न्हाई इचारत. ते इंग्रजीत बोलतेत."

भात, निवलेला

अण्णा माझ्याशी मराठीतच बोलले.

"मी कुणाला उठवतो?" ते म्हणाले. "मी फक्त उठतो."

"पण तुम्ही इतक्या लवकर जेवता..."

"बाई, तीस वर्षं छोट्या छोट्या स्टेशनांवर काढली. डबा उघडला की गाडीची घंटा. दोन गाड्यांच्या मध्ये जेवायची सवय आहे मला. आता गाड्या नाहीत, पण घशाला कोण सांगणार?"

ते चिडले नव्हते. नवल वाटल्यासारखं त्यांनी पंगतीच्या खोलीकडे बघितलं. इतकी वर्षं आपल्या मागे काय होत होतं हे त्यांना कळलं नव्हतं, कारण उठल्यावर ते मागे वळून बघत नसत.

दुसऱ्या दिवशी मुळ्यांनी जाहीर केलं : सगळ्यांनी सावकाश जेवा, कुणी कुणासाठी उठायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णा उठले, सगळे उठले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, मी बसून राहतो. ते जेवले आणि कोरडा हात ताटावर ठेवून बसले. झालं भलतंच. वडील माणूस खोळंबलंय म्हटल्यावर सगळ्यांची घाई उडाली. होतं तेही टाकून एकेकानं हात झटकले. त्या दिवशी ताटं आणखी भरलेली परत गेली.

मग अण्णांनी सांगितलं, माझं ताट माझ्या खोलीत द्या. आम्ही दिलं. इकडे श्लोक झाला आणि कुणीच पहिला घास घेईना. रिकाम्या खुर्चीकडे बघत सगळे हात मांडीवर ठेवून बसले. वरणावर साय धरली. वच्छला म्हणाली, "अवो, खावा की." बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "येऊ द्या त्यांना." शेवटी शमीम धावत जाऊन अण्णांना घेऊन आली. ते तोंड पुसत आले, खुर्चीवर बसले, भाताचं एक शीत तोंडात घातलं, आणि पंगत सुरू झाली.

डॉक्टरांची फेरी जवळ येत होती. त्या संध्याकाळी मी प्रयागबाईच्या कॉटवर जाऊन बसले.

"आजी, अण्णा उठले तरी तुम्ही खात राहा. मी तुमच्या शेजारी बसते. कोण काय म्हणतंय बघू."

"म्हणायचं कुणी न्हाई. मलाच घास उतरणार न्हाई."

"नळी घातली तर?"

तिनं कमरेला हात घातला. अडकित्त्यानं सुपारी कातरली. खायची नव्हती, दात कुठं होते. नुसती कातरली.

"बाई, तुम्ही शिकलेल्या हाव. मला एक सांगा. सगळ्यात म्हातारं जे असंल ते उठल्यावर उठायचं, असंच हाय न्हवं?"

"असंच दिसतंय."

"मग त्यात अण्णांचं नाव कुठं आलं?"

मला ती काय म्हणते ते कळलं नाही. सुपारीचे तुकडे तिनं माझ्या हातावर ठेवले. "घ्या. तुम्हाला दात हायेत."

भाकरी

दुसऱ्या दिवशी श्लोक संपला. अण्णांचा हात ताटाकडे गेला, आणि प्रयागबाई बाकावरून उभी राहिली.

"अण्णा, एक इचारू का?"

"विचारा."

"तुमचं वय काय?"

"पौषात ऐंशी पूर्ण होतील."

"मला ब्याऐंशी झाले."

बाकावर कुणीतरी हसलं. मुळे दारातून म्हणाले, "प्रयागबाई, तुम्हाला पंचाहत्तर आहेत. बसा, जेवा."

"ते बापानं लावलेलं, साहेब." ती बसली नाही. टेबलाचा काठ तिनं धरून ठेवला होता. "आई लवकर गेली. मागं लहान लहान भावंडं. त्यांचं करता करता माझं लगीन राहून गेलं. बावीस झाली मला. स्थळ आलं, पोरगं इशीचं. बाप म्हणला, पोरगी पंधराची हाय. मी बारीक होते, खपून गेलं. मालक गेले तवर त्यांना सांगितलं न्हाई. कशाला सांगायचं, बायको मोठी हाय म्हणून लोक हसले असते त्यांना. आता मालक बी न्हाईत आन हसणारे बी न्हाईत."

वच्छला वरणाचं भांडं घेऊन जिथं होती तिथंच थांबली.

"रझाकाराच्या टायमाला," प्रयागबाई म्हणाली, "आम्ही गाव सोडलं. पैनगंगा ओलांडून इंग्रजी मुलखात गेलो. धाकटी बहीण माझ्या कडंवर होती. आता तुम्हीच हिशेब करा."

अण्णांनी हात मागे घेतला.

"मुलूख तेव्हा इंग्रजांचा राहिला नव्हता," ते म्हणाले.

"आम्ही तेच म्हणायचो."

"आम्हीही. पैनगंगा मी पण ओलांडली. नऊ वर्षांचा होतो. झुंजुमुंजू झालं होतं. तुम्ही कुठून उतरलात?"

"ते मला काय म्हाईत. लोक उतरले तिथं उतरलो."

"पाण्यात पायाला काय लागत होतं तुमच्या? वाळू का चिखल?"

प्रयागबाई थांबली. मला ते थांबणं आठवतं, कारण तिनं तोवर एकदाही श्वास घेतला नव्हता.

"अण्णा," ती म्हणाली, "मागं बंदुका, पुढं पाणी, कडंवर लेकरू. पायाकडं कोण बघतंय?"

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. आम्ही सगळे अण्णांकडे. त्यांनी आपलं ताट उचललं, खुर्चीवरून उठले, आणि त्याबरोबर सवयीनं अर्धी पंगत उठली.

"बसा, बसा," अण्णा म्हणाले. "मी गाडी सोडत नाहीये, फक्त फलाट बदलतोय." मग प्रयागबाईला म्हणाले, "या. तुमची जागा."

खुर्ची अण्णांच्या मापाची होती. शमीमनं तिला काखेत हात घालून वर बसवलं. ती दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून क्षणभर बसली, मग भाकरी मोडली, वरणात बुडवली, बोटांनी कुस्करली आणि पहिला घास घेतला.

सगळ्यांनी घेतला.

अण्णांचं जेवण नेहमीसारखं भराभर झालं. ताट रिकामं झालं आणि ते अवघडून बसले. असं बसायची त्यांना सवय नव्हती. टोकाला प्रयागबाई आपला दुसरा चतकोर कुस्करत होती. सगळं टेबल बघत होतं. बघता बघता कुणीतरी राहिलेली भाकरी तोंडात घातली. नुसतं बसून करायचं काय?

मी वच्छलाला खुणावलं. थांबलेल्या माणसाच्या ताटात वाढायचं, एवढं ती न सांगता समजली. वरणाचं भांडं फिरू लागलं. अण्णा "नको" म्हणाले, मग "थोडं", मग वच्छलानं वाढलेलं थोडं नव्हतं तरी काही बोलले नाहीत.

"आजी," बाकाच्या टोकाचे आजोबा म्हणाले, "आज उठायचं का न्हाई?"

"कामून? गाडी पकडायचीय?"

सगळे हसले. अण्णाही हसले, तोंडात घास असताना. प्रयागबाईनं ताट बोटानं निपटून घेतलं, पाणी प्याली, पुन्हा थोडा भात मागितला. ती उठली तेव्हा वच्छलाचं भांडं रिकामं होतं, आणि टेबलावर असं एकही ताट नव्हतं की जे घासायला आधी रिकामं करावं लागेल.

डॉक्टर आले त्या दिवशी प्रयागबाई काट्याजवळ आली, कमरेचा अडकित्ता काढला आणि माझ्या हातात दिला.

"धरा," ती म्हणाली. "आता नगं."

काटा होता तिथून वर गेला होता. फार नाही. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं नाही.

लोणचं

(हे त्यांच्याकडे रविवारीच असायचं.)

ताक

पुढच्या वर्षी मी नव्या मावश्यांना शिकवायला पुन्हा गेले. शमीम आता शिकवत होती, मी बाजूला बसून बघत होते. ती डोळ्यांवर ओढणी बांधायला लावायची आणि मग दटावायची, "मी शिकले तवा ठसक्यानं माझे डोळे बाहेर यायची पाळी आली होती, तुमचं काहीच न्हाई."

जेवणाच्या जरा आधी मी आणि अण्णा ओट्यावर बसलो होतो. फाटकातून एक म्हातारी आली. उंच, सरळ चालणारी, हातात धपाट्यांचं फडकं.

"प्रयागी कुठंय?" तिनं विचारलं.

"आंघोळीला गेल्यात. आपण?" मी विचारलं.

"मी गयाबाई. वाशीमकडून आले." ती ओट्यावर टेकली, पदरानं वारा घेतला. "बहीण हाय ती माझी. धाकटी."

मी अण्णांकडे बघितलं नाही. अण्णांनीही माझ्याकडे नाही.

"धाकटी," मी म्हटलं.

"लई धाकटी. आई गेली तवा ही चालत बी नव्हती. हिचं करता करता माझं लगीन लांबलं. बापाला माझं वय चोरावं लागलं," ती हसली. तिला दोन दात होते, ते दिसले. "हिचं मातर येळंवर झालं. लाडाची. रझाकाराच्या टायमाला हिला कडंवर घेऊन नदी ओलांडली मी. एक पाय काढावा तर दुसरा रुतावा. वहाण तिथंच राहिली माझी. आन ही वरून काय म्हणती? आक्का, मासे दाव."

"काळा चिखल," अण्णा म्हणाले.

"काळा. लोण्यावानी."

"गुडघ्याच्या वर."

"वर. तुम्ही बी होताव का तिथं?"

"होतो."

शमीम दारात आली. गयाबाई हातपाय धुवायला तिच्याबरोबर आत गेली. रुळांवरून एक मालगाडी गेली, ती पूर्ण जाईपर्यंत अण्णा तिच्याकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"ज्यानं ती नदी पायी ओलांडली," अण्णा म्हणाले, "तो पायाकडे बघितलं नाही असं म्हणूच शकत नाही. माझ्या अजून स्वप्नात येतो तो चिखल. तिला पाणी आठवतं, लोक आठवतात. पाय आठवत नाहीत, कारण ते जमिनीला लागलेच नव्हते."

"मग खुर्ची का दिलीत?"

त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. लावलेलंच होतं.

"जन्मभर झेंडा माझ्या हातात होता, बाई. मी दाखवला की गाडी सुटायची. गाडीत बसायला कधी मिळालं नाही. ती म्हणाली तेव्हा वाटलं, बसून बघू."

आत घंटा झाली.

पंगतीत गयाबाईला माझ्या शेजारी बाकावर जागा दिली. तिनं टोकाच्या खुर्चीकडे बघितलं, खुर्चीतल्या बहिणीकडे बघितलं, आणि तोंड उघडलं. "अगं प्रयागी, तू तिथं..."

"आधी जेवून घ्या," अण्णा म्हणाले. "इथं जेवताना वयाचं बोलत नाहीत."

तसा काही नियम नव्हता. पण बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

श्लोक झाला. प्रयागबाईनं पहिला घास घेतला. तिच्या चेहऱ्यावर आता मांस होतं, कपाळावरचं गोंदण जरा पसरलेलं दिसत होतं. गयाबाई जुन्या कष्टाच्या माणसासारखी जेवली, मान खाली, भराभर. जेवून झालं तसा तिनं उठायला बाकावर हात टेकला.

"आक्का, बस," प्रयागबाई म्हणाली.

"झालं की माझं."

"इथं मी उठल्याबिगर कुणी उठत न्हाई."

गयाबाईनं टेबलभर नजर फिरवली. अण्णा आपल्या ताटात बघत होते. वच्छला भाकरीची टोपली घेऊन तिच्या मागे येऊन उभी होती.

"अर्धी वाढू का, आजी?"

माझ्या हातून चमचा पडला म्हणून मी वाकले. टेबलाखाली सगळ्यांचे पाय दिसत होते, पायताणांतले, अनवाणी, सुजलेले. टोकाला, त्या उंच खुर्चीखाली, प्रयागबाईचे पाय जमिनीला टेकले नव्हते. ते हळूहळू हलत होते.

मी वर आले तेव्हा गयाबाईनं टोपलीतली अर्धी भाकरी घेतली होती, आणि ती बहिणीसारखीच, सावकाश, वरणात कुस्करत होती.